रंग उडालेली अ‍ॅक्रोपोरा आणि कलर बूस्टर

समुद्री मत्स्यालयाच्या ग्रुपवर आज परत तसलाच फोटो. मुठीएवढी वाइल्ड, म्हणजे समुद्रातून तोडलेली अ‍ॅक्रोपोरा (फांद्या असलेलं दगडी प्रवाळ), आली तेव्हा जांभळी, आठवडाभरात चॉकलेटी. खाली प्रश्न: "कुठला कलर बूस्टर घालू?"

काहीही घालू नका! रीफवरच्या उन्हात आणि लाटांच्या माऱ्यात वाढलेली कॉलनी पिशवीत बंद होऊन आलीय. उजेड कमी आणि नायट्रेट जास्त मिळालं की तिच्या आतलं शैवाल वाढतं, रंग झाकला जातो. बाटलीतलं औषध काय करणार तिथे?

आणि रंगाचं सोडा हो. त्याच फोटोत फांद्यांच्या बुडाशी गोल फिकट चट्टे दिसताहेत, ते कुणी बघितलेच नाहीत. फ्लॅटवर्म नावाच्या चपट्या किड्यांनी खाल्ल्याच्या खुणा आहेत त्या. डिपमध्ये, म्हणजे कीडनाशक घातलेल्या पाण्यात बुडवल्यावर, किडे गळतात, अंडी नाही. अंडी बुडाच्या उघड्या सांगाड्यावर चिकटलेली असतात. म्हणून आधी बोन कटरने बूड छाटायचं, मग वेगळ्या टाकीत ठेवून दर आठवड्याला डिप, निदान सहा आठवडे. पंचवीस-सव्वीस अंशांना अंडी फुटायलाच दोन-तीन आठवडे जातात. एकदाच डिप करून थेट टँकमध्ये सोडलं, की शेजारच्या सगळ्या अ‍ॅक्रोपोरा गेल्या म्हणून समजा.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा टँकमध्ये वाढवलेला दोन-तीन सेंटीमीटरचा फ्रॅग, म्हणजे कॉलनीचा छोटा तुकडा, घ्या ना. त्याला एलईडीची सवय असते. तरी पीएआर (प्रवाळाला मिळणाऱ्या उजेडाचं माप) १००-१५० वर ठेवून सुरुवात करा, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर न्या. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, डीकेएच हे तिचं एकक) ८ ते ९ डीकेएच, आणि मुख्य म्हणजे ती हलता कामा नये.

फ्रॅगलाही कीड असते, मान्य. डिप आणि क्वारंटाइन त्यालाही चुकत नाही. आणि मूळ कॉलनी कधीतरी समुद्रातूनच आली होती, तेही मान्य.

पण फसवणूक ओळखायला शिका. कालच तोडलेल्या वाइल्ड कॉलनीचे तुकडे प्लगवर (फ्रॅग बसवायच्या छोट्या चकतीवर) चिकटवून "टँक-रेझ्ड" म्हणून खपवतात. प्लग हातात घेऊन कडेने बघा: खरोखर वाढलेल्या फ्रॅगचं मांस सुपरग्लूवरून प्लगवर पसरलेलं असतं. चिरलेली पांढरी कड आणि कोरा गोंद दिसला, तर परत द्या. सगळी दगडी प्रवाळं साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहेत, आयात मालाच्या परवान्यावर उगमाचा कोड असतो. डब्ल्यू म्हणजे समुद्रातून काढलेलं. विचारायला लाजू नका.

फोटोवाल्यावर राग नाही खरं तर. नवा आहे, त्याला कुणी सांगितलंच नसणार. बाबा, बूस्टर ठेव, आज ते चट्टे बघ, बूड छाट आणि कॉलनी वेगळी काढ.

स्कॉलिमिया, सायनारिना अशी एका पॉलिपची (एकाच तोंडाच्या जिवाची) प्रवाळं अजून बहुतेक समुद्रातूनच येतात, तिथे फारसा पर्याय नाही. डेंड्रोनेफ्थिया (एक मऊ प्रवाळ) मात्र घेऊच नका. तिच्यात शैवाल नसतं, तिला सतत बारीक प्लवक लागतं, आणि घरच्या टाकीत ती उपाशी मरते.