बेट माझं, लोखंड शेजाऱ्याचं

झालं, पुन्हा तेच! सिव्हिलायझेशन ६ या कॉम्प्युटर गेममध्ये हौसेनं द्वीपसमूहाचा नकाशा घेतला. ब्रॉन्झ वर्किंग हे तंत्रज्ञान शिकेपर्यंत लोखंड कुठंय ते दिसतच नाही. शिकलो, आणि दिसलं काय? माझ्या बेटाभोवती मासे, खेकडे, मोती. लोखंड शून्य! समोरच्या बेटावर मात्र, शेजाऱ्याच्या हद्दीत, लागून-लागून दोन खाणी. मी काय शिंपले फेकून लढू? पुढे तेल सापडलं तेही भर समुद्रात. रिग उभारायला आधी प्लास्टिक्स शिका. तोवर समोरचा रणगाडे घेऊन दारात हजर. पँजिया, म्हणजे एकाच मोठ्या खंडाचा नकाशा, असता तर निदान चालत जाऊन हिसकावलं असतं. (तिथं किनारा कमी म्हणून रडतो, ते सोडा.) आणि सेटिंगमध्ये संसाधनं 'भरपूर' ठेवली होती हो!