चटणी कुटतानाही जमतं

ध्यानावरच्या तुमच्या लेखात मन शांत व्हावं म्हणून रोज दहा मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलंय. मला तर झोपच लागते! पण आमच्या सोलापूरची शेंगाचटणी कुटताना मन आपोआप जागेवर येतं. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं. कुटता कुटता तेल सुटतं आणि उखळाचा कोरडा आवाज जड, ओलसर होतो. तिथं थांबायचं. सासूबाई बघतही नाहीत, नुसतं कानावर काम! (मिक्सरची चटणी मी चटणी धरतच नाही.)

संक्रांतीच्या यात्रेत आमच्या ग्रामदैवताचे, सिद्धेश्वरांचे नंदीध्वज (उंच, सजवलेल्या काठ्या) ६८ शिवलिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हा पेलणाऱ्याचा चेहरा बघा. एवढ्या उंच काठीचा तोल सांभाळताना उद्याची काळजी कोण करणार? त्याचे डोळे तर टक्क उघडे असतात.