दंडुका गेला, सुधारणा गेली?

5 ऑगस्ट 2024 ला बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना सत्ता गमावून, ढाका सोडून भारतात आल्या, तेव्हापासून एक मजकूर आमच्या ग्रुपवर फिरून फिरून येतोय. सार असं: मुस्लिमबहुल देशात सुधारणा समाजातून येतच नाही, बांगलादेशात झाली ती परदेशी पैशाने आणि हसीनाबाईंच्या दंडुक्याने, आणि आता दंडुका हटला म्हणजे संपलंच सगळं. परवा एका काकांनी तो पुन्हा पाठवला, खाली 'विचार करा' असं लिहून. केला.

आधी धर्म. 1961 च्या जनगणनेत पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, साधारण 5 कोटी 8 लाख माणसं होती, पश्चिमेत 4 कोटी 29 लाख. आज बांगलादेश 17 कोटींच्या आसपास आहे आणि पाकिस्तान 24 कोटींवर. धर्म दोन्हीकडे तोच, 1971 पर्यंत सरकारही एकच. मग पारडं कशाने फिरलं?

मुख्यतः दारोदार फिरलेल्या बायकांमुळे. सत्तरच्या दशकात बांगलादेशी बाईला सरासरी सहाच्या वर मुलं होत. ती एकटी दवाखान्यात जाणार नाही हे ओळखून सरकारने गावातल्याच शिकलेल्या बायकांना नोकरीवर घेतलं आणि गर्भनिरोधक गोळ्या अंगणापर्यंत पोहोचवल्या. आता ते प्रमाण सव्वादोनच्या आसपास आहे.

आता परदेशी पैसा. होता, नाकारत नाही. पण तो पाकिस्तानलाही भरपूर मिळाला. पैसा कसा वापरला ते बघा. 1980 ते 1990 या दहा वर्षांत फजले हसन अबेद यांच्या 'ब्रॅक' संस्थेच्या कार्यकर्त्या एक कोटीहून जास्त घरांत गेल्या. शिकवायचं एवढंच: पोराला जुलाब लागले तर तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. (अशाच मीठ-साखरेच्या पाण्याने 1971 मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी आपल्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले होते.) गंमत पगारात होती. किती घरं झाली यावर तो ठरत नसे. महिन्याभराने दुसरंच कोणीतरी जाऊन आईला विचारायचं, शिकवलेल्या दहा गोष्टींपैकी किती आठवतात? तिच्याकडून पाणी करून घेऊन त्याचा नमुनाही तपासला जाई. आईला आठवलं तर शिकवणारीला पैसे. आपल्याकडच्या किती योजनांना ही कसोटी झेपेल, सांगा.

हे सगळं सुखासुखी झालं नाही. नव्वदच्या दशकात मौलवींनी संस्थांविरुद्ध फतवे काढले, ब्रॅकच्या शाळांवर हल्ले झाले. तरी मुली शाळेत येत राहिल्या. 1994 पासून तर माध्यमिक शाळेतल्या ग्रामीण मुलींना देशभर शिष्यवृत्ती सुरू झाली: 75 टक्के हजेरी, 45 टक्के गुण आणि लग्न करायचं नाही, या अटींवर. तेव्हा पंतप्रधान होत्या खालिदा झिया. हसीनाबाई पहिल्यांदा पंतप्रधान झाल्या 1996 मध्ये.

दंडुक्याने आलेली एक सुधारणा आहे, कबूल. दुसऱ्या लग्नासाठी लवाद परिषदेची परवानगी आणि तलाकची नोटीस दिल्यावर 90 दिवसांची मुदत, हा 1961 चा कायदा लष्करशहा अयुब खानांचा. पण अयुब गेले, देशही फुटला, तरी बांगलादेशात तो अजून लागू आहे. आपल्याकडे तोंडी तिहेरी तलाकवर न्यायालयाचा निकाल आला 2017 ला आणि कायदा 2019 ला.

मग हसीनाबाईंच्या दंडुक्याने काय केलं? 2011 मध्ये निवडणूक पक्षनिरपेक्ष काळजीवाहू सरकारच्या देखरेखीखाली घ्यायची पद्धत मोडीत काढली. 2014 मध्ये 300 पैकी 153 जागा बिनविरोध गेल्या. निम्म्याच्या आसपास मुलींची लग्नं अजून अठराच्या आत होतात त्या देशात, 2017 च्या बालविवाह कायद्यात 'विशेष परिस्थिती'ची पळवाट ठेवली. आणि 2024 च्या जुलै-ऑगस्टमध्ये, नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून सुरू झालेल्या आंदोलनात, संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 1,400 पर्यंत माणसं मारली गेली.

राहिला शेवटचा मुद्दा: आता कट्टरपंथी मोकाट सुटले. काळजी खरी आहे. हसीनाबाईंनंतरच्या हंगामी सरकारने नेमलेल्या महिला सुधारणा आयोगाचा अहवाल आल्यावर 3 मे 2025 ला 'हिफाजत-ए-इस्लाम' या मौलवींच्या कट्टर संघटनेने आयोगच रद्द करा म्हणून ढाक्यात प्रचंड सभा घेतली. पण हीच हिफाजत 2013 मध्येही ढाक्यात उतरली होती, हसीनाबाई सत्तेवर असताना. तेव्हा तिला पोलिसांनी हुसकावलं. पुढे मात्र 2017 मध्ये तिच्या मागणीनंतर सर्वोच्च न्यायालयासमोरचा न्यायदेवतेचा पुतळा दर्शनी जागेवरून हलवला गेला आणि 2018 मध्ये कौमी मदरशांच्या (मौलवी चालवतात त्या खासगी धार्मिक शाळांच्या) सर्वोच्च पदवीला एम.ए.चा दर्जा मिळाला. त्याबद्दल त्याच नोव्हेंबरात सोहरावर्दी उद्यानात आभाराचा मेळावा झाला. अध्यक्षस्थानी हिफाजतचे प्रमुख शाह अहमद शफी. त्या व्यासपीठावरून हसीनाबाईंना किताब दिला गेला: 'कौमी जननी', म्हणजे कौमी मदरशांची आई.