'जुना कंत्राटदार' यांस उत्तर: यॉर्कचा तट आणि तुमचं सिमेंट

'जुना कंत्राटदार' साहेब,

इंग्लंडातल्या यॉर्क शहराच्या तटावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही टाकलेली प्रतिक्रिया वाचली. इतरांच्या माहितीसाठी सांगतो, साहेबांचे आक्षेप तीन आहेत. एक, तट मध्ययुगीन म्हणून खपवलाय, निम्माअधिक काम १९व्या शतकातलं. दोन, फॉस नदीकडे तटच नाही, ते मी लपवलं. आणि तीन, त्यांच्याच शब्दांत: "एकदा सिमेंटने दरजा भरून टाकल्या असत्या तर शंभर वर्षं बघावं लागलं नसतं, हे कुठल्याही गवंड्याला कळतं, 'लेखकमहाशयां'ना कळत नाही." (दरज म्हणजे दोन दगडांमधला सांधा.) शेवटी "गूगलवरून उचललंय" हा आहेरही आहेच.

आक्षेप जरूर घ्या, त्यासाठीच खाली जागा ठेवलीय. पण महाशय म्हणायचं आणि तेही अवतरणचिन्हांत, ही कुठली रीत? चुना, दगड आणि जुन्या भिंती यांतच माझी हयात गेली, आणि ती गूगल येण्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. तेव्हा कुठल्याही गवंड्याला काय कळतं ते मला शिकवू नका.

आता सिमेंट. यॉर्कचा तट बहुतांशी जवळच्या टॅडकास्टर गावाकडच्या मॅग्नेशियन चुनखडीचा आहे. तिथलं मिन्स्टर, म्हणजे मोठं चर्च, तेही त्याच दगडाचं. रंगाला साईसारखा, घडायला सोपा, पाणी पिणारा. भिंतीच्या दोन बाजूंना घडीव दगडांचे थर आणि मधे दगडगोटे नि चुन्याचा गाभा. हे सगळं मातीच्या उंच भरावावर उभं. पाणी वरून फांजीतून, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेतून, शिरतं, खाली भरावातून चढतं. त्याला बाहेर पडायला वाट हवी. ती वाट म्हणजे दरज. चुन्याची दरज दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते. ओल तिच्यातून वाळते, क्षार तिच्यातच साठतात, आणि झिजते ती दरज. पंचवीस-पन्नास वर्षांनी ती कोरून काढायची नि नवी भरायची. दगड शाबूत राहतो.

तिथे सिमेंट भरलंत की हिशेब उलटा. सिमेंट दगडापेक्षा कडक. थंडी-उन्हात भिंत हलते, पण सिमेंट तिच्याबरोबर लवत नाही, मग दोघांच्या कडेला केसाएवढी फट पडते. फटीतून पाणी आत जातं, बाहेर मात्र येऊ शकत नाही. मग ते दगडातून वाळतं आणि क्षार दगडाच्या पापुद्र्यामागे स्फटिक धरतात. या दगडात मॅग्नेशियम आहे आणि शहराने कोळशाचा धूर पिढ्यान्‌पिढ्या सोसलाय. धुरातल्या गंधकाने मॅग्नेशियम सल्फेट तयार होतं, ते पाण्यात झटकन विरघळतं, आत सरकतं आणि वाळताना फुगतं. हिवाळ्यात साचलेल्या पाण्याचा बर्फ झाला की तेही सुमारे ९ टक्के फुगतं. परिणाम डोळ्यांनी दिसतो: सिमेंटची जाळी जशीच्या तशी पुढे आलेली आणि मधला दगड बशीसारखा खोल गेलेला. सिमेंट टिकतं हो. भिंत टिकत नाही.

बरं, ते सिमेंट काढायचं म्हटलं तर दगडाच्या कडा घेऊनच निघतं. ग्राइंडर लावला की सरळ रेषेत दगडही कापला जातो. म्हणून काम हातानेच: पातळ छिन्नी नि हातोडी, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोली, निदान २५ मिलिमीटर. धूळ झाडायची, पाणी मारून दगडाची तहान भागवायची, नाहीतर तो चुन्यातलं पाणी ओढून घेतो आणि दरज भुगा होऊन पडते. नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (पाण्यातही आवळणारा) एक भाग, चरचरीत वाळू अडीच ते तीन भाग. खोल दरज असेल तर दोन थरांत. चुना दगडाच्या तोंडावर पसरायचा नाही. अर्धवट आवळला की ताठ ब्रशने ठोकायचा, म्हणजे वरची साय मोडते आणि छिद्रं उघडी राहतात. मग ओलं गोणपाट, काही दिवस. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर हातच लावायचा नाही, म्हणून तिकडे हे काम उन्हाळ्याचं. एवढं करायला कंत्राटदाराला वेळ नसतो, हे मात्र मला चांगलं ठाऊक आहे.

जाता जाता एक. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ साली घेतलं ते जोसेफ ॲस्पडिनने, आणि तो यॉर्कच्या शेजारच्या लीड्सचा गवंडी. म्हणजे सिमेंट दाराशी आलं तेव्हा या तटातला बराच दगड पाचशे वर्षं उभा होता, चुन्यावर.

उरलेले दोन आक्षेप. फॉसकडे तट नाही, कारण तिथे इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याच्या काळात नदी अडवून झालेलं तळं होतं, नंतर तो चिखल-दलदलीचा पट्टा झाला. तीच तिथली संरक्षणाची सोय. तळं संपतं तिथे लाल टॉवर उभा राहिला, १४९०च्या सुमारास, विटांचा. यात लपवण्यासारखं काय आहे?

आणि १९व्या शतकाचं म्हणाल, तर फांजी तेव्हा रुंद झाली, तटावरचा रॉबिन हूड टॉवर १८८९चा आहे, हे मी कधी नाकारलं? लाल टॉवरचं आजचं रूप १८५०च्या दशकातल्या दुरुस्तीनंतरचं आहे, हे फोटोखाली लिहायला हवं होतं, एवढं तुमचं मान्य. पण त्याच शतकात तिथल्या नगरपालिकेला हा अख्खा तटच पाडायचा होता, बूथम, मंक आणि मिकलगेट दरवाजांपुढची रेवणीसारखी, म्हणजे दरवाजाला आड देणारी, बांधकामं तिने पाडलीही. वॉल्मगेट दरवाजाची तेवढी वाचली, इंग्लंडात शहराच्या दरवाजापुढची आज तेवढी एकच. टक्केवारी मागणाऱ्यांनी आधी तिच्यासमोर उभं राहून दगड बघावेत. टक्केवारीत तट मोजायची सवय तुमच्या धंद्यातली, माझ्या नाही.

पुढची प्रतिक्रियाही प्रसिद्ध करीन. फक्त 'महाशय' वगळा, आणि सिमेंट भरलेली चुनखडीची भिंत पन्नास वर्षांनी कशी दिसते त्याचा एखादा फोटो जोडा.