आजोबा, पंच्याहत्तर ना?

“ताई, कुठं?” कंडक्टरनं बायकोला विचारलं. मग माझ्याकडं वळला. “आजोबा, कुठं?”

आम्ही दोघं एकाच गावाला निघालो होतो. एकाच बाकावर बसलो होतो. आमच्या वयात तीन वर्षांचं अंतर, तेही कागदावर. तरी त्या पोरानं आमच्यामध्ये हसत हसत एक अख्खी पिढी आणून बसवली. पोरगा अगदी सभ्य होता, हेच जास्त लागलं. उर्मट असता तर भांडता तरी आलं असतं.

बायकोनं गावाचं नाव सांगितलं आणि मशीनमधून तिचं अर्धं तिकीट बाहेर आलं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं. ती बाई आहे, एवढं दिसलं की झालं. पुरुषाला निम्म्या भाड्यासाठी आधी म्हातारं व्हावं लागतं, आणि मग ते शाबीत करावं लागतं.

मी तयारीत होतो. यंदाच्या जूनमध्ये पासष्ट पूर्ण झाली, त्यानंतरचा हा पहिलाच प्रवास. आधार कार्ड वरच्या खिशात, चटकन निघेल असं ठेवलेलं. याआधीचं माझं शेवटचं हाफ तिकीट आईनं काढलं होतं. तेव्हा मी शाळेच्या हिशेबानं तेरा वर्षांचा होतो आणि आईनं बिनदिक्कत ‘अकरा’ सांगितलं होतं. ‘कंडक्टर जवळ आला की गुडघे वाकव,’ अशी वर ताकीद. त्यानंतर बावन्न वर्षांनी मी पुन्हा हाफमध्ये येत होतो, आणि या खेपेला ताठ उभं राहून.

खिशात हात घालतोय तोच तो म्हणाला, “पंच्याहत्तर पूर्ण ना, आजोबा? मग तुम्हाला फ्रीच आहे.”

“पासष्ट,” मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो असेन, कारण पुढच्या दोन बाकांवरच्या माना वळल्या.

त्यानं कार्ड पाहिलं, “बरं, हाफ,” म्हणाला, तिकीट दिलं आणि पुढं सरकला. खरं तर विषय तिथं संपला होता. पण आमच्या बाकावर, कडेला, तिसरे एक गृहस्थ बसले होते.

पांढरी टोपी, इस्त्रीचा लेंगा, आणि गळ्यात दोरीला अडकवलेलं लॅमिनेशनचं आधार कार्ड. पहिलीतल्या पोराच्या गळ्यात ओळखपत्र असतं तसं. शून्य रुपयांच्या तिकिटाची बारीक घडी करून त्यांनी ती टोपीच्या दुमडीत खोचली आणि माझ्याकडं पाहिलं.

“पासष्ट का सांगितलंत?”

“पासष्ट आहे म्हणून.”

“छे.”

भाजीवालीनं सांगितलेला भाव ऐकून म्हणतात ना, तसलं ते ‘छे’ होतं. पुढं घासाघीस होणार, हे त्यात धरलेलंच होतं.

“कार्ड घरी राहिलं असेल तर मोबाइलमध्ये दाखवा. डिजिलॉकर चालतं. लाजायचं काय त्यात?”

“अहो, कार्ड आत्ताच दाखवलं की.”

“मग कार्डात चूक आहे. दुरुस्त करून घ्या. फुकट मिळत असताना निम्मं कशाला भरायचं? मी ऐंशीला टेकलोय. रोज येतो-जातो.”

“कामाला?”

“चहाला.”

तालुक्याच्या स्टँडवर उतरायचं, एक कटिंग घ्यायचा आणि परतीच्या गाडीत बसायचं. “सून चहा चांगला करते, पण घरातल्या खुर्चीला खिडकी नाही,” ते म्हणाले. नियम त्यांना हनुमान चालिसेसारखे पाठ. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत, मग गाडी साधी असो की शिवशाही. शहराच्या आतल्या बसमध्ये नाही. आणि राज्याच्या हद्दीपर्यंतच. लेकीकडं बेळगावला जाताना हद्दीपुढचे पैसे मोजावे लागतात. “म्हणजे बघा, हद्द ओलांडली की मी पुन्हा तरुण.”

योजनेचं नाव अमृत ज्येष्ठ नागरिक. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत देव अमृत पीत, मग त्यांना म्हातारपण येत नसे. सरकारनं क्रम फिरवला आहे. आधी म्हातारपण पुरतं येऊ द्यायचं, मग अमृत.

तसं पाहिलं तर मी नेमका म्हातारा कधी झालो, यावर या देशात कुणाचंच एकमत नाही. राज्य सरकारच्या लेखी मी ५८ व्या वर्षी झालो आणि ३१ मे २०१८ रोजी नारळ घेऊन घरी आलो. बँक आणि आयकर खातं ६० ला मानतात. एसटी ६५ ला अर्धा म्हातारा धरते, ७५ ला पूर्ण. रेल्वेत पुरुषांना ६० पासून ४० टक्के सवलत होती. मी साठीचा झालो १ जून २०२० रोजी आणि ती सवलत थांबली २० मार्च २०२० रोजी. त्र्याहत्तर दिवसांनी हुकलो. म्हणजे घरी बसायला मी म्हातारा, रेल्वेत बसायला ठणठणीत. यात दोष कुणाचा नाही. असलाच तर माझ्या पहिलीच्या गुरुजींचा. त्यांच्याकडं येतोच.

“कार्ड बघू जरा,” गृहस्थ म्हणाले. नको म्हणायच्या आत ते त्यांच्या हातात होतं. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि कार्ड मागच्या बाकावर दिलं.

“बघा हो, हे पासष्ट वाटतात का?”

एसटीत एरवी सुट्ट्या दोन रुपयांसाठी कुणी हात पुढं करत नाही. माझ्या वयासाठी मात्र अख्खी गाडी धावली. “सत्तर धरा,” बोचकंवाल्यानं बोली लावली. “बहात्तर,” मागून कुणीतरी. कॉलेजची एक मुलगी कानातली वायर काढून म्हणाली, “फोटोत तर जास्तच वाटतायत.” टोपलीवाल्या मावशींना माझी दया आली. “उन्हातान्हात लई राबल्यात बाबा, म्हनून थकल्यात,” त्या म्हणाल्या. मी चौतीस वर्षं पंख्याखाली बसून जावक नोंदवहीत आकडे टाकले. ऊन बघितलं ते डबा खायच्या सुट्टीत. ‘राबल्यात’ ऐकून बायको प्रवासात पहिल्यांदा हसली आणि खिडकीकडं तोंड करून बसली. एका शब्दानं ती माझ्या बाजूनं बोलली नाही, हे मी इथं नोंदवून ठेवतो.

कार्ड परत आलं तेव्हा त्याला भज्यांचा वास येत होता. गृहस्थांनी ते लेंग्याला पुसलं आणि एकदम थबकले.

“एक जून! गुरुजींची तारीख!” त्यांनी माझा हात धरून गदागदा हलवला. “माझीपण एक जून!”

आमच्या पिढीतली निम्मी जनता १ जूनला जन्मली आहे. आयाबायांना तारीख ठाऊक नसे, शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजी दाखल करताना १ जून ठोकून मोकळे. म्हणून तर सरकारी कचेऱ्यांत ३१ मे ला निरोपसमारंभांची रांग लागते आणि एकच शाल फिरते की काय अशी शंका येते. खुद्द एसटीचीही तीच तारीख. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली. हेही गृहस्थांनीच सांगितलं, सख्ख्या भावाबद्दल सांगावं तसं.

“मग खरी कुठली?” त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

इथं मी गाढवपणा केला. इतका वेळ माणूस आपल्याला म्हातारं ठरवतोय म्हटल्यावर तोंडातून खरं निघून गेलं. “आई सांगायची, पानशेत फुटलं तेव्हा मी पोटात होतो. तिला सातवा लागला होता.”

पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. गृहस्थांनी बोटांची पेरं मोजली. “म्हणजे एकसष्टचा सप्टेंबर धरा... अहो, तुम्ही त्रेसष्टचे!”

गाडी गप्प. दोन किलोमीटरच्या आत मी पंच्याहत्तरवरून त्रेसष्टवर आलो होतो, आणि त्याचा आनंद मानायची सोय नव्हती. हाफ तिकीट माझ्या हातात होतं. गुरुजींनी मला सव्वा वर्ष आधीच दप्तराला जुंपलं, त्यापायी सव्वा वर्षाचा पगार बुडाला, आणि आता एसटी तो मला हाफ तिकिटांच्या हप्त्यांनी परत करणार होती. असा हा साधा, न्याय्य हिशेब. तो भरल्या गाडीत कुणाला पटवणार? जाता जाता एवढं मात्र कळलं की तेव्हा आई कंडक्टरला अकरा सांगायची ते खरंच होतं. मी उगाच गुडघे वाकवत होतो.

“कागदावर असंल ते खरं,” कंडक्टर लांबूनच म्हणाला. देव त्याचं भलं करो.

तेवढ्यात शेजारी दांड्याला धरून उभा असलेला, पाठीवर मोठी सॅक अडकवलेला एक तरुण पुटपुटला. पुटपुटला म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल इतपत. “फुल पैसे भरून आम्ही उभे. चहाला जाणारे बसलेले.”

गृहस्थ पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. गळ्यातलं कार्ड त्यांनी हळूच सदऱ्याच्या आत सारलं.

मला राग आला. आयुष्यभर कर भरला, पोटाला चिमटे काढून पोरं शिकवली, आणि आता खिडकीशी बसून झाडं बघायला माणसानं या पोराची परवानगी काढायची? सवलतीचे पैसे सरकार एसटीला भरून देतं, याच्या खिशातून कुणी काढत नाही. चहाला जाणं हे काम नाही, हे ठरवणारा हा कोण? ऐंशीव्या वर्षी जायला दुसरं काय उरतं, दवाखाना आणि दहावे. अर्थात तिशीत असताना बँकेत पेन्शनवाल्यांची रांग पाहून मीही असंच पुटपुटत असे, आणि तेही ऐकू येईल इतपतच. म्हणून शब्द जरा जपून वापरले.

“बसू दे रे त्यांना,” मी म्हणालो. “ऐंशीचे आहेत ते.”

गृहस्थांना धीर आला. ते सावरून बसले, कार्ड पुन्हा बाहेर काढलं आणि त्या तरुणाला म्हणाले, “मी ऐंशीचा. हे त्रेसष्टचे आहेत. यांना उठव.”

मी उठलो. उठायलाच पाहिजे होतं, मानाचा प्रश्न होता. दांड्याला धरून म्हणालो, “बस बाबा.”

तरुण ओशाळला. “नको, नको,” तो म्हणाला, “बसा आजोबा.”

संध्याकाळी परतीच्या गाडीत नवा कंडक्टर आला. बायकोला म्हणाला, “मावशी, कुठं?” आणि मला, मी आईशप्पथ सांगतो, “दादा, कुठं?”

खिशातल्या आधार कार्डाला मी हातसुद्धा लावला नाही. “एक फुल, एक हाफ,” मी म्हणालो.

अगदी मागच्या बाकावरून ओळखीचा आवाज आला.

“छे.”