साडेसहाचा नंबर

"काका, साडेसहाला या," असं दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं. सव्वासहालाच पोचलो, तर बाकांवर, जिन्यात, चपलांच्या मांडणीला टेकून मिळून 24 माणसं. चौकशी केली. सगळ्यांनाच साडेसहा.

जन्मभर गणित शिकवलंय, त्यामुळे घाबरलो नाही. रांगेतली सरासरी माणसं म्हणजे येणाऱ्यांचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ, हे जॉन लिटल या अमेरिकन गृहस्थांनी 1961 मध्ये सिद्ध करून ठेवलंय. तासाला 8 पेशंट धरले तर तीन तास. मग पाहिलं, एका आजींबरोबरच मुलगा, सून, नात आणि शेजारीण आलेत. खरे पेशंट 12 निघाले. दीड तासात सुटलो की!

पण लिटलसाहेबांच्या गणितात पाकीटवाले नव्हते. एकजण मोठं पाकीट छातीशी धरून आला, "फक्त रिपोर्ट दाखवायचेत" म्हणाला आणि थेट आत. वीस मिनिटं! आत पारायण लावलं होतं की काय, कोण जाणे. मग औषध कंपन्यांचे टायवाले दोन एमआर. मग खुद्द डॉक्टरच मागच्या दाराने इमर्जन्सीला.

टोकनचं यंत्रही बसवलंय. त्यातली बाई "टोकन क्रमांक सात" म्हणते, तेव्हाच खिडकीतली मुलगी म्हणते, "मावशी, तुम्ही जा आता." मावशींचं टोकन एकोणीस.

नॉर्मन बेली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने 1952 मध्ये दवाखान्यांसाठी तोडगा सुचवला होता. सुरुवातीला दोन पेशंट एकदम बोलवा, म्हणजे एखादा उशिरा आला तरी डॉक्टर रिकामे बसत नाहीत. पुढे एका तपासणीला लागतो तेवढ्या अंतराने एकेक बोलवा. आमच्या डॉक्टरांनी यातलं 'एकदम बोलवा' तेवढं मनावर घेतलंय.

नऊ वाजून दहा मिनिटांनी आत गेलो. बीपी 160.

"कसलं टेन्शन घेता, सर?" डॉक्टर म्हणाले. ते माझेच विद्यार्थी. गणितात बरे होते. "या तपासण्या करून उद्या या. आणि नंबर लावू नका हं, बाहेर सांगा, फक्त रिपोर्ट दाखवायचेत."

दुसऱ्या दिवशी पाकीट छातीशी धरून मी बाकांसमोरून गेलो. किती माणसं बसली होती, ते मोजलं नाही.