जहाज थोडेच पळून जाते!

भूमध्य समुद्रातील क्रूझचे पूर्ण पैसे भरून झाले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सहज म्हणून सांगून झाले आणि चिवड्याच्या पिशव्या सीलबंद झाल्या, की आपली तयारी संपली असे समजावे. यानंतर नकाशा उघडून बसणाऱ्या माणसाइतका रसभंग करणारा प्राणी दुसरा नाही. माहितीपत्रकात ‘रोम’ असे ठळक छापलेले आहे, तेव्हा जहाज रोमला जाते. त्याच ओळीत कंसात, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत ‘चिवितावेक्किया’ असे काही लिहिलेले आढळले, तर ते रोमचे पाळण्यातले नाव असावे असे मानून पुढे सरकावे.

ही श्रद्धा एकदा बसली की जगभर उपयोगी पडते. ‘पॅरिस’ म्हणून जहाज ज्या ल हाव्र बंदरात लागते, तेथून पॅरिस सुमारे २०० किलोमीटर आहे. ‘बर्लिन’ म्हणून आपण उतरतो ते वार्नेम्युंडे बाल्टिक समुद्राच्या काठी, बर्लिनपासून सुमारे २४० किलोमीटरवर. आणि ‘लंडन’चे साउथॅम्प्टन त्या मानाने जवळ, म्हणजे १३० किलोमीटरवर. व्हेनिसची तऱ्हा आणखी निराळी. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहरासमोरच्या ज्युदेक्का कालव्यातून जाण्यास मनाई झाली, आणि तेव्हापासून ‘व्हेनिस’च्या काही सहली रावेन्नाच्या बंदरातून सुटतात, जे रस्त्याने सुमारे १५० किलोमीटर दूर आहे. पुण्यात उतरवून ‘ही पाहा मुंबई’ म्हणण्यासारखाच हा प्रकार. फरक इतकाच, की पुण्याची माणसे हे मुकाट्याने ऐकून घेणार नाहीत. रावेन्नाची माणसे सोशिक असावीत.

व्हिसाच्या बाबतीत तर चौकशी करणे म्हणजे अपशकुनच. शेंगेन, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा आहे ना, मग झाले. त्यावर प्रवेशाच्या रकान्यात एकाचा आकडा आहे की अनेक वेळा प्रवेशाची मुभा आहे, हे बारकावे वकिलांसाठी असतात. अथेन्सहून निघालेले जहाज मधेच तुर्कस्तानातील कुशादासीला किंवा मॉन्टेनेग्रोतील कोटोरला जाते, हे दोन्ही देश शेंगेनच्या बाहेर आहेत, आणि तेथून पुन्हा ग्रीसमध्ये किंवा इटलीत पाऊल टाकणे हा दुसरा प्रवेश ठरतो. पण एवढा विचार करणाऱ्याने घरीच बसावे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आला, त्यामुळे तेथील दुब्रोव्हनिक बंदरापुरती तरी अज्ञानाची परिणामकारकता कमी झाली आहे, हे खेदाने नमूद करावे लागते.

आता प्रत्यक्ष बंदराकडे वळू. आमचे साडूभाऊ आमच्याबरोबर होते, आणि पुढील मार्गदर्शनाचा बराचसा भाग त्यांच्या आचरणावर आधारलेला आहे. जहाज चिवितावेक्कियाला सकाळी सात वाजता लागले. अशा वेळी जाणकाराने काय करावे? साडेनवापर्यंत न्याहारी करावी. फुकट आहे, म्हणजे पैसे आधीच भरलेले आहेत, या विचाराने ऑम्लेटच्या रांगेत दोनदा उभे राहावे, आणि दुपारच्या जेवणाची सोय म्हणून दोन केळी व चार उकडलेली अंडी हातरुमालात बांधून घ्यावीत. जहाजावरचे खाद्यपदार्थ किनाऱ्यावर नेऊ नयेत अशी पाटी जिन्यापाशी असते; ती इतरांसाठी असते.

त्यानंतर, धक्क्यावर उतरताच कोलोसियम दिसेल अशा अपेक्षेने चौफेर पाहावे. दिसतात त्या क्रेन, फेरीबोटी आणि मायकेलअँजेलोच्या नावाने ओळखला जाणारा एक भक्कम किल्ला. हे बंदर मुळात रोमन सम्राट ट्राजनने दुसऱ्या शतकाच्या आरंभी बांधले, आणि रोमच्या लोकांनी आपले बंदर रोमपासून इतके दूर बांधण्यात काही शहाणपण असेलच; पण ऑक्टोबरच्या उन्हात पाणी शोधत असताना साडूभाऊंनी ट्राजनविषयी जे उद्गार काढले ते छापण्याजोगे नाहीत. बंदराच्या आत पायी फिरण्याची सोय नाही, म्हणून शटल बसने लार्गो देल्ला पाचे नावाच्या ठिकाणी जायचे, तेथून दुसऱ्या बसने किंवा वीसेक मिनिटे चालत रेल्वे स्टेशन गाठायचे, आणि मग प्रादेशिक गाडीने तासा-सव्वातासात रोम. एवढी साखळी ठाऊक असूनही आपण ती साडेनऊनंतर सुरू करावी, कारण तोवर बंदरात लागलेल्या अन्य दोन जहाजांचेही उतारू उतरलेले असतात आणि तिकीट खिडकीशी चांगली ओळखपाळख होते.

तिकीट काढण्यापूर्वी, रांगेत अगदी पुढे पोहोचल्यावर, युरोचे रुपयांत रूपांतर करावे. साडूभाऊंनी ते तोंडी केले, मग मोबाइलवर करून पाहिले आणि मागच्या जर्मन बाईंनाही उत्तर दाखवले. जहाजाच्या अधिकृत सहलीची रक्कम त्यांनी आधीच ‘लूट’ या एका शब्दात निकालात काढली होती. त्या सहलीत एकच क्षुल्लक सुविधा जास्तीची असते: तिची बस रस्त्यात अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबते, किंवा कंपनी आपल्या खर्चाने प्रवाशांना पुढच्या बंदरात पोहोचवते. स्वतःच्या हिकमतीवर रोमला गेलेल्या माणसासाठी जहाज थांबत नाही. पण आपण काय अडकणार आहोत थोडेच!

कागदी तिकीट हाती आले की ते पाकिटात, इष्टदेवतेच्या तसबिरीमागे, नीट घडी घालून ठेवावे. फलाटावरच्या खांबाला एक लहानसे यंत्र असते आणि गाडीत चढण्यापूर्वी तिकीट त्यात सरकवून तारीख-वेळेचा शिक्का मारून घ्यायचा असतो. तो नसेल तर तिकीट असूनही दंड होतो. आम्ही ते यंत्र पाहिले होते. साडूभाऊ म्हणाले, “वजनाचं असेल.” तिकीट तपासनीस मोठे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी तिकिटाच्या दोन्ही बाजू पाहिल्या, तसबीरही आदराने पाहिली आणि मग पावतीपुस्तक काढले. दंडाची रक्कम धरता त्या दिवशीचा आमचा रेल्वेप्रवास जहाजाच्या सहलीपेक्षा किती स्वस्त पडला, हा हिशेब मात्र साडूभाऊंनी तोंडी किंवा मोबाइलवर, कसाच केला नाही.

व्हॅटिकन पाहायचे असेल तर वाटेतल्या रोमा सान पिएत्रो स्टेशनावर चुकूनही उतरू नये. तेथून सेंट पीटर चर्च चालत पंधरा मिनिटांवर आहे आणि एवढ्या सहजासहजी मिळालेल्या दर्शनाचे पुण्य लागत नाही. थेट तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनाला जावे, तेथून भुयारी रेल्वेने उलटे यावे. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, यासाठी बर्म्युडा घालून जावे आणि दारात विकणाऱ्याकडून ‘रोमा’ छापलेली ओढणी कमरेला गुंडाळावी. आपले जहाज रविवारी लागणार असेल तर उत्तमच, कारण महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी व्हॅटिकनची संग्रहालये बंद असतात आणि तेवढाच वेळ वाचतो. इटलीतील रेल्वेचा संप आगाऊ जाहीर होतो आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ठरावीक गाड्या सुटतातच. म्हणजे साडेनवाला न्याहारी आटोपणाऱ्याची सकाळची वेळ टळते, आणि सात वाजता सुटणाऱ्या जहाजाच्या प्रवाशाची संध्याकाळचीही टळते. इतका नेमका योग पंचांगातसुद्धा विरळा.

इतर बंदरांबद्दल थोडक्यातच सांगतो. लिव्होर्नो म्हणजे फ्लॉरेन्स, असे समजावे आणि ९० किलोमीटर अंतर डुलकी काढण्यात घालवावे. पिसा त्याच रेल्वेमार्गावर वीस मिनिटांत येते म्हणून एका दिवसात दोन्ही पाहावीत, म्हणजे दोन्ही न पाहिल्याचे समाधान मिळते. सोमवारी फ्लॉरेन्सचे उफ्फिझी कलासंग्रहालय बंद असते, हे तेथील बंद दारावर व्यवस्थित लिहिलेले आहे. नेपल्स मात्र असे बंदर, जेथे जहाजातून उतरून रस्ता ओलांडला की शहर समोर उभे असते. अर्थातच तेथे कोणीही थांबत नाही. सगळे धावतपळत पाँपेई या प्राचीन शहराचे अवशेष पाहायला जातात.

सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागतच नाही. ते ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखात, खोल पाण्यात उभे राहते आणि लहान बोटींनी, ज्यांना टेंडर म्हणतात, आपल्याला किनाऱ्यावर नेतात. आमच्या आजीची पिढी कोकणच्या बोटीतून भर लाटांत, नऊवारी सावरत, डोक्यावर गाठोडे घेऊन पडावात उतरत असे आणि त्याला कोणी ‘अनुभव’ म्हणत नसे. येथे त्याच क्रियेसाठी क्रमांकाचे चिठोरे मिळते आणि नाट्यगृहात दीड तास वातानुकूलित वाट पाहावी लागते. किनाऱ्यावरून वर ‘फिरा’ नावाच्या गावात जायला तीन मार्ग आहेत: रोपवे, सुमारे सहाशे पायऱ्या, किंवा गाढव. गाढवांच्या पाठीवर १०० किलोहून अधिक, किंवा जनावराच्या वजनाच्या एकपंचमांशाहून अधिक भार नको, असा नियम ग्रीसने २०१८ मध्ये केला. क्रूझच्या सहाव्या दिवशी, सहा दिवसांच्या बुफेनंतर, हा नियम प्रवाशाने स्वतःला लावून पाहू नये. खाली येताना रोपवेची रांग गावातल्या गल्ल्यांतून वळसे घेत जाते. तीत शेवटच्या तासात उभे राहावे. पुढच्या सगळ्यांना उतरायची तितकीच घाई असल्यामुळे एक प्रकारचा बंधुभाव निर्माण होतो.

घड्याळाबाबत एकच तत्त्व पाळावे: कोणत्याही घड्याळावर विश्वास टाकू नये, विशेषतः जहाजाच्या. इटलीपेक्षा ग्रीस एक तास पुढे आहे. आपला मोबाइल किनाऱ्याची वेळ दाखवतो, जहाज कधी ती वेळ पाळते, कधी आपलीच ठेवते, आणि रोज रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात ती लिहिलेली असते. त्या पत्रकाच्या मागच्या बाजूवर रमीचे गुण मांडावेत. तसेच ‘सुटण्याची वेळ सहा’ याचा अर्थ सहा वाजता आपण धक्क्यावर दिसायला लागावे, असा घ्यावा. सर्वांनी जहाजावर परतण्याची वेळ त्याआधी अर्धा तास ते एक तास असते आणि शिडी काढून घेतली की ती पुन्हा कोणासाठी लावत नाहीत, अशी एक समजूत प्रचलित आहे. आपण हात हलवावा, बायकोला मोठ्याने हाक मारावी, आणि आपण यष्टीला जसे थांबवतो तसे एक लाख टनांच्या जहाजाला थांबवावे.

अथेन्सच्या पिरेउस बंदरात आमच्या जहाजातले एक जोडपे असे राहिले. वरच्या डेकवरून आम्ही सर्वांनी त्यांना धावताना पाहिले, आणि खरे सांगायचे तर त्या दिवसातला तो सर्वाधिक गर्दीचा कार्यक्रम होता. अशा वेळी जहाजाची माणसे केबिनच्या तिजोरीतून प्रवाशाचे पारपत्र काढून बंदरातील एजंटाकडे ठेवतात. पुढच्या बंदराला आपल्या खर्चाने जायचे असते. ते बंदर सँटोरिनी असेल तर फेरीबोटीला पाच ते आठ तास लागतात, आणि कुशादासी असेल तर वर सांगितलेला, एकदाच प्रवेश देणारा व्हिसा आता आपली खरी किंमत दाखवतो. पारपत्राची एक छायाप्रत, थोडे युरो, एजंटाचा क्रमांक आणि रक्तदाबाच्या गोळ्या खिशात असत्या तर बरे झाले असते. पण मग खिशात अंडी कोठे ठेवणार?

शेवटच्या रात्रीची सूचना सर्वांत महत्त्वाची. सामानाला रंगीत चिठ्ठ्या बांधून ते रात्री केबिनच्या दाराबाहेर ठेवायचे असते आणि सकाळी ते धक्क्यावरच्या शेडमध्ये थेट भेटते. तेव्हा पूर्ण आवराआवर करावी. काहीही मागे ठेवू नये. साडूभाऊंनी रात्री अकरा वाजता चार बॅगा बाहेर ठेवल्या, केबिनचा कोपरा न् कोपरा तपासला आणि आपल्या शिस्तीवर खूश होऊन झोपले. सकाळी सहा वाजता त्यांच्यापाशी एक पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, एक बनियन आणि कपाटात टांगलेला, म्हणून नजरेतून सुटलेला, औपचारिक रात्रीच्या जेवणाचा ब्लेझर इतकाच ऐवज शिल्लक होता.

बॅगा शेडमध्ये मिळतील, तेथे कपडे बदलू, असे ठरले. पण विमान साडेअकराचे काढलेले होते. जहाज पहाटे लागते म्हणजे आपण पहाटे उतरतो, हा त्यामागचा हिशेब. प्रत्यक्षात आमच्या रंगाच्या चिठ्ठीचा पुकारा साडेआठला झाला. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळाला चिवितावेक्कियाच्या बंदरातून थेट रेल्वे नाही. रोमच्या त्रास्तेव्हेरे स्टेशनावर गाडी बदलावी लागते, आणि टॅक्सीवाला मागत होता ती रक्कम शंभर युरोंच्या बरीच वर होती. साडूभाऊंनी या वेळी रूपांतर केले नाही. ते लेंग्यानिशी पुढच्या सीटवर बसले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पारपत्रातला फोटो पाहिला, काचेपलीकडचा ब्लेझर पाहिला, मग खुर्चीतून किंचित उठून खाली पाहिले, आणि काही न विचारता शिक्का मारला.